ड्राय बाल्कनीतली पिवळी ज्योत

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी कोथरूडमधल्या एका घरून फोन आला. "गिझरच्या वरचं छत काळं पडलंय, आणि तो चालू असला की डोळे चुरचुरतात. सर्व्हिसिंग करून द्याल का?" तक्रार एवढीच. डोकेदुखीचा शब्दही कुणी काढला नाही. ती गोष्ट नंतर चहा पिताना निघाली, आणि खरी तक्रार तीच होती.

मी बावीस वर्षं पुण्यात गॅसच्या उपकरणांची दुरुस्ती करतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात एकामागे एक अशी चार कारणं दडलेली होती. माझ्याआधी आलेल्या दोन मेकॅनिकांनी समोर दिसलं तेवढंच मिटवलं. त्यातल्या दुसऱ्यानं जे करून ठेवलं होतं, त्यानं त्या घरातलं कुणीतरी गेलं असतं.

इमारत नव्वदच्या दशकातली, चार मजली, घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तीन फूट रुंद, सात फूट लांब, नऊ फूट उंच. त्यात वॉशिंग मशीन, वर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, कोपऱ्यात सिलिंडर, आणि भिंतीवर मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर. सहा वर्षं जुना, एलपीजीवर चालणारा. पाटीवर आयएस १५५५८चा, म्हणजे गॅस गिझरच्या भारतीय मानकाचा, छाप होता, म्हणजे माल रस्त्यावरचा नव्हता. या जातीच्या गिझरला धुराडं नसतं. जळून गेलेला वायू वरच्या खाचांतून सरळ आजूबाजूच्या हवेत जातो. बाल्कनी उघडी असेल तर त्यात वावगं काही नाही. घरात माणसं पाच: आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं.

गिझरला हात लावण्याआधी मी नेहमी एकच प्रश्न विचारतो. सहा वर्षं नीट चाललेली वस्तू आज बिघडली, तर मधल्या काळात घरात काय बदललं? "काहीच नाही हो," वहिनी म्हणाल्या. मी बाल्कनीकडे बोट दाखवलं. खालच्या कठड्यापासून वर स्लॅबपर्यंत ॲल्युमिनियमची सरकती काचेची खिडकी, नवीकोरी. "ही कधी बसवली?" "ती होय? जूनमध्ये. कबुतरांनी नको केलं होतं, आणि पावसात मशीन भिजायचं." स्वयंपाकघरातली चिमणीही नवी दिसत होती. ती दसऱ्याला घेतलेली.

मग क्रम लागत गेला. गणपतीच्या सुमारास गिझर पेटताना 'धप्प' असा आवाज यायला लागला. दसऱ्यानंतर तो सात-आठ मिनिटांनी आपोआप विझू लागला. पहिल्या मेकॅनिकनं सेल बदलले. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसरा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला, वीस मिनिटांत काम उरकून "आता बंद पडणार नाही" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. खरोखरच त्यानंतर गिझर एकदाही विझला नाही.

नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारपासून अभ्यंगस्नानं सुरू झाली. घरची पाच आणि मुक्कामाला आलेली दोन अशी सात माणसं, एकामागून एक. बाहेर फटाक्यांचा धूर, म्हणून सरकती खिडकी घट्ट लावलेली. फराळाबरोबर गरम काहीतरी हवं म्हणून वहिनी पोहे करत होत्या, चिमणी चालू. आजी नेहमीप्रमाणे बाल्कनीच्या दाराजवळच्या खुर्चीत बसून नातवंडांना तेल-उटणं लावत होत्या. साडेसहापर्यंत आजींचं डोकं ठणकायला लागलं, वहिनींना गरगरलं, धाकट्या नातीला उलटी झाली. घरच्यांनी लावलेला अर्थ सरळ होता. डोकं फटाक्यांच्या धुरानं, गरगरणं झोपमोडीनं, उलटी फराळानं. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर काढून आजींच्या बोटाला लावला. ९८ दिसले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग सगळे मिळून दिवाळी पहाटच्या कार्यक्रमाला गेले. तिथे उघड्या मैदानात तासाभरात सगळ्यांनाच बरं वाटलं. "गाण्यानं बरं वाटलं," आजी मला सांगत होत्या.

मी हातातला कप खाली ठेवला. एका छपराखालच्या तीन माणसांना एकाच वेळी त्रास होतो, घराबाहेर पडलं की तो जातो, आणि घरात गॅसवर काहीतरी जळत असतं. अशा वेळी पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा घ्यायचा. अर्धवट जळण्यातून निघणारा हा विषारी वायू बिनरंगी, बिनवासाचा. एलपीजीला उग्र वास येतो, कारण गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळलेलं असतं. पण गॅस एकदा जळला की ते मरकॅप्टनही जळून जातं. त्यामुळे "वास येत नाही म्हणजे काही गळत नाही" हा विचार इथे कामाचा नाही. डोळे चुरचुरतात ते अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या दुसऱ्या तिखट वायूंमुळे. त्यांचं एका अर्थी आभारच मानायला हवेत, कारण नाकाडोळ्यांना कळेल असा इशारा तेवढाच.

ऑक्सिमीटरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तो आता घरोघरी आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या लालपणावरून अंदाज बांधतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालच असतं. यंत्राला दोन्ही सारखेच. म्हणजे माणूस गुदमरत असताना पडद्यावर ९८ दिसू शकतात. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशीचं रक्त आता तपासून उपयोग नाही, साध्या हवेत श्वास घेतला तरी चार-पाच तासांत हे प्रमाण निम्म्यावर येतं. आजींना मात्र त्यांनी त्याच दुपारी तपासायला बोलावलं. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकांत 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच रूढ आहे. बंद न्हाणीघरात गिझर लावून अंघोळ करताना झटके येऊन किंवा बेशुद्ध होऊन पडलेल्या माणसांचं ते वर्णन आहे.

आता गिझर. मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं, खिडक्या उघडायला लावल्या आणि बाल्कनीची सरकती काच पूर्ण सरकवली. गळती आहे का ते साबणाच्या फेसानं पाहिलं, नव्हती. मग नळ सोडला. सेलच्या ठिणगीचा तडतडाट झाला, दीड-दोन सेकंद काही नाही, आणि मग 'धप्प'. पुढच्या काचेतून ज्योत दिसली. बर्नरच्या डाव्या अर्ध्या भागात निळी, आखूड, ताठ. उजव्या भागात लांब, मऊ, पिवळी, वर पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पंखांना, म्हणजे पातळ पत्र्यांना, चाटणारी.

पिवळं दिसलं की सगळं सारखं नसतं. हवेत धूळ किंवा कपड्याच्या पावडरीचे कण असले तर निळ्या ज्योतीत नारिंगी ठिणग्या क्षणभर उडतात आणि जातात. त्याची काळजी नको. पण ज्योतीची टोकंच पिवळी आणि सुस्त दिसत असतील, तर ते न जळलेले कार्बनचे तापलेले कण असतात. वर थंड तांबं लागलं की तेच काजळी होऊन बसतात.

संशय गॅसच्या दाबावरही असतो. बरेच मेकॅनिक आधी रेग्युलेटर बदलायला सांगतात. म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली यू-नळी जोडली. घरगुती एलपीजीचा दाब तीस मिलीबारच्या आसपास असतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण तीस सेंटीमीटरचा फरक. गिझर बंद असताना एकतीस, चालू असताना एकोणतीस. रेग्युलेटर निर्दोष. जेटची, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्यांची, भोकं मापून पाहिली, कुणी वाढवलेली नव्हती. हे पाहावंच लागतं, कारण पाइप गॅस आला की तोच गिझर चालवण्यासाठी जेटला ड्रिल मारणारे लोक पुण्यात आहेत.

मग मी हिशेबाचा एक प्रयोग केला. तो दर वेळी करतो, कारण त्यात अंदाजाला जागा नसते. दहा लिटरची बादली भरायला दोन मिनिटं पाच सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला ४.८ लिटर. आत येणारं पाणी २४ अंश, बाहेर पडणारं ४९. सिलिंडर हुकाच्या डिजिटल काट्याला टांगून दहा मिनिटांचा खप मोजला, १६० ग्रॅम. तेवढ्या गॅसमधून सुमारे १२.२ किलोवॉट उष्णता निघते. पाण्यात पोहोचत होती ८.४ किलोवॉट. म्हणजे ६९ टक्के. अशा गिझरनं ८०च्या वर द्यायला हवेत. उरलेली उष्णता काजळीच्या थरामागे अडून भलतीकडे, पुढच्या पत्र्याकडे आणि खाली चालली होती. कव्हरला हात लावला तर चटका बसला.

यानंतर मीटर. माझ्याकडे कार्बन मोनॉक्साइड मोजणारं हातात मावणारं यंत्र आहे. खिडकी लावली, चिमणी बंद ठेवली, दारात उभा राहिलो. तिसऱ्या मिनिटाला बाल्कनीत ७० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग, सहाव्याला २१०. तिथेच नळ बंद केला आणि सगळं उघडलं. दोनशे पीपीएममध्ये दोन-तीन तास बसलं तर डोकं दुखायला लागतं. आठशेमध्ये पाऊण तासात गरगरून मळमळतं आणि दोन-तीन तासांत माणूस दगावू शकतो. हा आकडा सहा मिनिटांत २१० झाला होता. त्या पहाटे गिझर जवळजवळ दोन तास चालला होता. अशा गिझरमध्ये वीस मिनिटांनी बंद करणारा टायमर असतो खरा, पण एकाची अंघोळ संपून नळ बंद झाला की टायमर पुन्हा शून्यावर येतो. सात अंघोळींत तो एकदाही आड आला नाही.

पण प्रश्न हा होता की बाल्कनीतला वायू आजींपर्यंत गेला कसा. त्यासाठी देवघरातली उदबत्ती मागून घेतली. चिमणी बंद असताना दाराच्या फटीशी धूर सरळ वर जात होता. चिमणी चालू केली, आणि धुराची रेघ आडवी होऊन सरळ स्वयंपाकघरात वळली, वाऱ्याच्या झोतात धरावी तशी. चिमणी ताशी शेकडो घनमीटर हवा बाहेर फेकते. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. पुढच्या खोल्यांच्या खिडक्या हिवाळ्यात बंद, म्हणून ती बाल्कनीच्या दारातून ओढली जात होती, गिझरच्या धुरासकट. आजींची खुर्ची बरोबर त्या वाटेवर. त्या जागी मीटर धरला तर चौथ्या मिनिटाला ३८, सातव्याला ८५. वहिनी ओट्याशी उभ्या असायच्या, त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला.

आजी दारातून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे मोरीत तांब्याचा बंब होता. धूर व्हायचा, पण असं कधी नाही झालं." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. बंबाच्या मधोमध धुराडं असायचं, भोवती पाणी, खाली ढलप्या किंवा कोळसे. मोरीला वरून झरोका. आणि धूर झालाच तर तो डोळ्यांना दिसायचा, माणूस बाहेर पळायचा. गॅसचा पहिला झटपट गिझर १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसानं बनवला. आइसलँडच्या उष्ण झऱ्यावरून त्यानं 'गीझर' हे नाव दिलं, आणि धुराडं मात्र ठेवलं नाही. दीडशे वर्षांनी आपण तेच बिनधुराड्याचं यंत्र काचेच्या पेटीत बंद करतोय, याचं मला दर हिवाळ्यात वाईट वाटतं.

कव्हर काढलं आणि दुसऱ्या मेकॅनिकनं काय केलं ते समोर आलं. हीट एक्सचेंजरच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या टाकीच्या, बाहेरच्या अंगाला बटणाएवढा सेन्सर असतो. टाकी प्रमाणाबाहेर तापली की त्याचा आतला जोड तुटतो, सोलेनॉइड व्हॉल्व्हचा, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या गॅसच्या झडपेचा, प्रवाह जातो आणि गॅस बंद होतो. त्या सेन्सरच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळल्या होत्या, वरून काळी टेप. आमच्या धंद्यात याला म्हणतात 'डायरेक्ट केला'. हा शब्द मी वर्कशॉपमध्ये शंभरदा ऐकलाय, आणि दर वेळी माझा हात थरथरतो. गिझर सात-आठ मिनिटांनी विझत होता, तो बिघडला नव्हता. काजळीनं पंखांमधल्या फटी बुजल्या, गरम वायूला वर जायला वाट नाही, तो खाली आणि पुढे उलटून टाकीची बाजू तापवत होता, आणि सेन्सर आपलं काम चोख करत होता. त्या घरात धोका ओळखणारी तेवढी एकच वस्तू होती. एका माणसानं वीस मिनिटांत तिचं तोंड बंद केलं आणि त्याचे पैसे घेतले. मी तो जोड वहिनींना आणि त्यांच्या यजमानांना दाखवला. यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मीच त्याला सांगितलं होतं, काहीही कर पण दिवाळीत बंद पडायला नको."

हे प्रत्येक घरात घडतं. गिऱ्हाईक 'बंद पडतो' ही तक्रार सांगतं, आणि मेकॅनिक 'बंद पडू न देणं' हे काम समजतो.

बर्नर बाहेर काढला. जेटमधून सुटणारा गॅस बर्नरच्या नळ्यांच्या तोंडाशी स्वतःबरोबर हवा ओढून घेतो. ही पहिली हवा नीट मिसळली तरच ज्योत निळी राहते. उजवीकडच्या नळ्यांच्या तोंडांवर करड्या रंगाचा थर बसला होता, नमद्यासारखा घट्ट, आणि मध्ये कोळ्याची जाळी. थर चिमटीत धरून उलगडला तर कपड्यांचा भुसा. टॉवेल, गोधडी, शाळेचे स्वेटर, सगळ्यांचे धागे. बाल्कनी उघडी होती तोवर हा भुसा वाऱ्याबरोबर निघून जायचा. काच लागल्यावर तो तिथेच फिरत राहिला, आणि त्या पेटीत हवा ओढणारी वस्तू एकच होती. उजवी बाजू वॉशिंग मशीनकडची, म्हणून ती आधी बुजली. पेटताना 'धप्प' होत होतं तेही यानंच. ठिणगी पडते तिथे नीट मिसळलेला गॅस पोहोचायला उशीर लागायचा, तेवढ्यात तो साठायचा आणि एकदम पेट घ्यायचा.

पुढची साखळी सरळ आहे. पहिली हवा कमी, म्हणून ज्योत पिवळी. पिवळी ज्योत, म्हणून काजळी. काजळीनं पंख बुजले की वायू वर जायला अडतो, त्यामुळे ज्योतीला लागणारी दुसरी हवाही खालून ओढली जात नाही, आणि ज्योत आणखी पिवळी होते. एकदा हे चाक फिरायला लागलं की आठवड्यागणिक वेग घेतं. हीट एक्सचेंजर उलटा करून झटकला तर वर्तमानपत्रावर अर्धी वाटी काजळी पडली.

सफाईत नवल काही नाही. पंख पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं साफ केले, बर्नरच्या नळ्या हवेनं फुंकल्या, जेटमध्ये सुई घातली नाही. सुईनं भोक वाढतं आणि नवा बिघाड तयार होतो. डायफ्रॅम, म्हणजे पाण्याच्या दाबानं गॅस उघडणारा रबरी पडदा, ठीक होता, तरी आतला कचरा काढला. सेन्सर नवा घातला. बसवण्याआधी तो तापवून खरंच तुटतो का, थंड झाल्यावर पुन्हा जुळतो का, ते मल्टिमीटरवर पाहिलं. टेप लावलेला जुना जोड कापून यजमानांच्या हातात दिला.

पुन्हा पेटवलं. आवाज नाही, सगळ्या रांगेत निळी ताठ ज्योत. पाणी तेवढंच, मिनिटाला ४.८ लिटर, गॅसचा खपही तोच, पण बाहेर पडणारं पाणी आता ४९च्या जागी ५४ अंश. म्हणजे ८२ टक्के. वहिनी खूश झाल्या. "झालं ना दादा?"

नव्हतं झालं. बहुतेक दुरुस्त्या इथेच थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी तेच घर पुन्हा फोन करतं. मी खिडकी परत घट्ट लावली, दार लावलं, चिमणी बंद, गिझर चालू, आणि दाराच्या काचेतून घड्याळ धरून बघत राहिलो. मीटर आत टांगलेला. आठ मिनिटं शून्य ते तीन. अकराव्या मिनिटाला निळ्या ज्योतीची आतली टोकं धूसर व्हायला लागली. चौदाव्याला ज्योत बोटभर लांब झाली, मीटर वीसवर. सतराव्या मिनिटाला ४८, मी थांबवलं. स्वच्छ बर्नर, नवा सेन्सर, दाब बरोबर, आणि तरीही.

त्याचं गणित यजमानांना कागदावर करून दाखवलं, ते अकाउंटंट आहेत. हा गिझर ताशी साधारण एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते, म्हणजे ताशी किमान बारा-तेरा घनमीटर. आणि ही बाल्कनी? सव्वापाच-साडेपाच घनमीटरची, त्यातही मशीन आणि सिलिंडरनं अडवलेली. पंचवीस मिनिटांत गिझर त्या पेटीतली सगळी हवा एकदा वापरून टाकतो. पण ज्योत बिघडायला सगळी हवा संपावी लागत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १८च्या आसपास उतरला तरी जळणं कोलमडतं. शिवाय धुराडं नसल्यानं गिझर जो वायू सोडतो तोच खालून पुन्हा ओढतो. फटींतून थोडी हवा येते म्हणून सतरा मिनिटं निघाली, इतकंच. आणि चिमणी चालू असेल तर हवा फिरते, ज्योत जरा सुधारते, पण जे काही तयार होतं ते सगळं स्वयंपाकघरात येतं. बंद ठेवली तर बाल्कनी बिघडते, चालू ठेवली तर आजी.

यजमानांनी कागद परत परत वाचला. "म्हणजे खिडकी काढायची? कबुतरं?"

तिथे मी सांगितलं की काच वरपासून खालपर्यंत अशीच राहणार असेल तर मी हा गिझर चालू स्थितीत सोडून जाणार नाही. सिलिंडर काढून ठेवला आणि रेग्युलेटर त्यांच्या हातात दिला. कठोर वाटलं असेल. पण "अंघोळीच्या वेळी खिडकी थोडी उघडी ठेवा" असं सांगून निघालेला मेकॅनिक स्वतःला फसवतो. जानेवारीतल्या पहाटे सहा वाजता कुणीही खिडकी उघडी ठेवत नाही. उघड कायमची हवी, बंदच करता येणार नाही अशी.

ॲल्युमिनियमवाला मंगळवारी आला. खिडकीची वरची नऊ इंची पट्टी पूर्ण लांबीभर काढली आणि तिथे कबुतराची जाळी ताणली. खाली कठड्यालगत गिझरच्या बाजूला एक काच काढून त्या जागी तिरक्या पात्यांची जाळी बसवली, पाऊस आत येणार नाही आणि हवा येईल अशी. वरून गरम वायू जाईल, खालून ताजी हवा येईल. दोन्ही लागतात. फक्त वरचं भोक ठेवून हवा आत-बाहेर दोन्हीकडून नीट वाहत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला खालून ब्रशची पट्टी लावली आणि चिमणीला हवा मिळावी म्हणून पुढच्या खोलीची एक खिडकी चार बोटं उघडी अडकवून ठेवली. कपड्यांच्या दोऱ्या गिझरपासून दुसऱ्या टोकाला नेल्या. आजींची खुर्ची त्यांनी स्वतःच देवघराजवळ हलवली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म लावला.

पुन्हा तीच चाचणी. वीस मिनिटं सलग, टायमरनं गिझर बंद करेपर्यंत. चिमणी बंद असताना बाल्कनीत शून्य ते चार, ज्योत शेवटपर्यंत निळी. चिमणी चालू असताना आजींच्या जुन्या जागी शून्य. उदबत्तीचा धूर दाराच्या फटीशी किंचित आत झुकत होता. म्हणून दाराची वरची फटही बंद करायला लावली.

यजमानांनी विचारलं की यापेक्षा चांगला उपाय आहे का. आहे. पूर्ण बंद पेटीचा, बाहेरूनच हवा घेणारा आणि बाहेरच वायू सोडणारा गिझर. त्याला दुहेरी नळी लागते, भिंतीला भोक पाडावं लागतं आणि किंमत जास्त. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तोवर मी दर तीन महिन्यांनी बर्नर बघायला यायचं ठरलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. आजींनी हातावर तिळगूळ ठेवला. ज्योत निळी, मीटर शून्यावर, बर्नरच्या तोंडाशी भुश्याचा पातळ थर सुरू झालेला, तो ब्रशनं काढला. जिना उतरून खाली आलो आणि सवयीनं मान वर करून इमारतीची मागची बाजू पाहिली. एकाखाली एक, एकाशेजारी एक, सोळा घरांच्या ड्राय बाल्कन्या. अकरा बाल्कन्यांना तीच सरकती काच, वरपासून खालपर्यंत. सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावरच राहतात. त्यांची बेल वाजवली, आणि दुपारपर्यंत आम्ही दोघं मिळून सगळे मजले फिरलो. त्या अकरांपैकी चार घरांत काचेच्या आत गॅस गिझर होता. एका घरात तो आठवड्यापासून मधेच विझत होता, आणि मेकॅनिक संध्याकाळी येणार होता. मी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलो.